नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यावर साखरेवर लक्ष कसे ठेवावे

मधुमेह असलेल्या माणसाला नैराश्यावरची गोळी सुरू झाली, तिचा डोस बदलला किंवा ती बंद झाली, तर त्या दिवसापासून मधुमेहाचेच औषध बदलले आहे असे धरून साखर तपासावी. मधुमेहाचा कागद गावातल्या डॉक्टरांकडचा आणि मनाच्या आजाराचा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळाचा, असे ज्यांच्या घरी असते, त्यांनी दोन्ही कागद एकाच पिशवीत ठेवावेत आणि दोन्हीकडे दाखवावेत.

सगळ्या गोळ्या साखरेवर सारखाच परिणाम करत नाहीत. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांनी काहींची साखर खाली येते, आणि सुरुवातीला मळमळीमुळे जेवण कमी झाले तर ती आणखी उतरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन यांचे उलटे आहे, कारण त्यांनी भूक आणि वजन वाढून साखर चढू शकते. अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्झेटिन पुष्कळदा पायांची आग कमी व्हावी म्हणून दिले जाते, त्यामुळे आपण नैराश्यावरचेच औषध घेत आहोत हे रुग्णाला ठाऊकही नसते. ड्युलोक्झेटिननेही उपाशीपोटीची साखर थोडी वाढू शकते. म्हणून गोळी कशासाठी दिली आहे यापेक्षा तिचे नाव काय आहे, ते पाहावे.

पहिले चार ते सहा आठवडे साखर किती वेळा तपासायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि काही वेगळे वाटेल तेव्हा तपासून वहीत तारीख, वेळ, आकडा आणि काय खाल्ले ते लिहावे. समजा, सकाळी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडा (गोल पाव) नकोसा झाला म्हणून अर्धाच खाल्ला, मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली, आणि अकराची पेज वाढायच्या आतच हात थरथरू लागले, घाम फुटला, छातीत धडधडले. ही लक्षणे नव्या गोळीची असू शकतात, घाबरल्याची असू शकतात आणि साखर उतरल्याचीही, आणि त्यांतला फरक अंदाजाने कळत नाही. बोटाला टोचून पाहावेच लागते. आकडा 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्यावे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग पेज खावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत घरातली साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 ला फोन करावा.

साखर चढते तेव्हा इतके स्पष्ट काही जाणवत नाही, म्हणून दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे. गणेश चवथीनंतर आकडे वाढले की सगळा दोष नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, दिला जातो. तो पुष्कळदा खराही असतो, पण त्याच महिन्यात गोळी बदलली होती का, हेही वहीत पाहावे. एचबीए1सी तपासणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, मधूनच उतरलेली साखर तीत दिसत नाही. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत रिकाम्या पोटी पिणे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना एरवीही घातक असते, आणि नैराश्यावरच्या गोळीसोबत तर ते टाळावेच.

आकडे बिघडले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. नैराश्यात चालणे सुटते, जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा चुकतात, आणि त्यानेही साखर वाढतेच; उपचाराने ती घडी पुन्हा बसू शकते. बहुतेक गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर येते, झोप उडते. फ्लुओक्झेटिन शरीरात काही आठवडे रेंगाळते आणि ते उतरल्यावर साखर चढू शकते, तेव्हा मधल्या काळात कमी केलेले इन्सुलिन पुन्हा वाढवावे लागेल का, हे वही दाखवून डॉक्टरांनाच विचारावे. गोळी सुरू असताना जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही सुरू असतो.