आपल्या भागातला चोरटा उकिरडा उपग्रहातून कसा हुडकावा

नागपूरच्या रिंगरोडपलीकडे मोकळा प्लॉट दिसला की रात्री ट्रॅक्टर येतो आणि मलबा-प्लास्टिक ओतून जातो. रस्त्यावरून हे ढीग झुडपांआड राहतात, पण वरून लपत नाहीत.

आधी नजर बसवा. कोपर्निकस ब्राउझर ही युरोपच्या उपग्रहचित्रांची वेबसाइट उघडा (पाहायला फुकट आहे), त्यात सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं निवडा आणि थेट भांडेवाडीच्या कचराडेपोवर जा. राखाडी-पांढुरका, ठिपकेदार रंग आणि वेड्यावाकड्या कडा लक्षात ठेवा. चित्राच्या एका ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) 10 बाय 10 मीटर जागा मावते, म्हणजे एकराचे साधारण 40 ठिपके. चौकातल्या कचराकुंडीच्या मागे लागू नका, ती दिसणारच नाही.

आता तारीख, आणि गफलत होते ती इथंच. मे महिन्यात काळी वावरं, खाणी, ढीग सगळेच भकास दिसतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं बिनढगाचं चित्र घ्या. पावसाळ्यानंतर पडीक जागेवरही गवत माजतं, ताज्या कचऱ्यावर मात्र नाही. एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवळ किती आहे ते दाखवणारा थर लावा आणि हिरव्यात जिथं टक्कल दिसेल तिथं खूण करा. पिवळी नदी आणि नाल्यांचे काठ आधी तपासा. जुन्या ढिगावर एरंड उगवतो आणि तो हिरवा दिसून फसवतो, हेही ध्यानात असू द्या.

टक्कल दिसलं म्हणजे ढीगच, असं नाही. वीटभट्टी असेल, गिट्टीखाण असेल, कोराडीकडे राखेचा बंधाराही असेल. गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून वर्षं मागे सरका. लेआउटमध्ये, म्हणजे घरांसाठी पाडलेल्या प्लॉटांमध्ये, रस्ते सरळ आखलेले असतात, खाणीत पाणी साचतं. ढीग मात्र वाटेच्या टोकापासून आत आत सरकत जातो. मला तरी हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

उन्हाळ्यात धुराचा वास येत असेल तर कोपर्निकस ब्राउझरमध्ये शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचं) चित्र लावून पाहा, मोठी आग त्यात लालभडक उठते. पण सेंटिनेल-2 सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. रात्री पेटवून पहाटे विझलेली आग त्याला सापडत नाही.

शेवटी सकाळच्या उजेडात, सोबत कुणाला तरी घेऊन, प्रत्यक्ष जागेवर जा. महापालिकेच्या तक्रारीत ‘नाल्याजवळ कचरा आहे’ एवढंच लिहू नका. अक्षांश-रेखांश, दोन वेगळ्या तारखांची उपग्रहचित्रं आणि मोबाइलवर काढलेला फोटो जोडा.