कंबरदुखी, मानदुखी वर्षानुवर्षं जात नाही? मग या चुका टाळा

फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय, जुनाट दुखण्याचे पेशंट वेगवेगळे असतात पण चुका त्याच त्या. नाशिकला माझ्याकडे द्राक्षबागायतदार येतात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार येतात, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी मुलं येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मॅडम किती सिटिंगमध्ये बरं होईल? तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. त्याच्यावर मागच्या दहा-बारा वर्षांत खूप चांगलं संशोधन झालंय आणि तरी घरोघरी तेच चाललंय, पट्टा लावा, झोपून राहा, सुई मारून घ्या. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

रिपोर्ट वाचून आयुष्य थांबवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून हिच्यावरच जास्त लिहिणार आहे.

निफाडकडचे एक काका होते, पन्नाशीतले, बाग स्वतः बघणारे. कंबर धरली म्हणून एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये आलं एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली), डिजनरेशन (झीज). रिपोर्ट बघून कुणीतरी सांगितलं की गादी सरकलीय, वाकलात तर पाय जातील. बस, एवढं एक वाक्य. त्या दिवसापासून काकांनी वाकणं बंद केलं, मांडी घालून बसणं बंद, मोटारसायकल बंद, पट्टा झोपतानासुद्धा, आणि ऑक्टोबर छाटणीला बागेत गेले ते बांधावर खुर्ची टाकून बसायला. दुखणं कमी झालं का? उलट वाढलं, आधी फक्त कंबर होती, मग मांड्या, मग पाठ, मग झोप गेली. माझ्याकडे आले तेव्हा काकू त्यांच्या पायात चपला घालून देत होत्या. तपासलं तर पायांत ताकद पूर्ण, संवेदना नीट, लघवी-संडासचा काही त्रास नाही, पण खाली पडलेली किल्ली उचला म्हटलं की कपाळावर घाम.

आता हे बघा. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० लोकांच्या मणक्याचे स्कॅन तपासले गेले, आणि हे सगळे पाठदुखी अजिबात नसलेले लोक होते. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज दिसली, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. डिस्क बल्ज विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्या रिपोर्टमध्येही हेच शब्द असतात! केस पांढरे होतात तशी मणक्याची झीज होते, आणि काकांना मात्र त्याच झिजेची शिक्षा झाल्यासारखं घरात बसवलं होतं.

मग दुखतं कशामुळे? सुरुवातीला खरंच काहीतरी झालेलं असतं, उसण भरते, स्नायू ताणला जातो, नस चिडते. ते काही आठवड्यांत बरंच भरून येतं, पण काही जणांत मज्जारज्जू आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटा तापलेल्याच राहतात. वेदनेवर संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील होतात आणि मग साध्या स्पर्शालाही जोरात उत्तर देतात. दारातल्या कुत्र्याने एकदा चोर बघितला की पुढे पोस्टमनवरही तो तेवढाच भुंकतो, तसं. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. आणि भीती, अपुरी झोप, हालचाल बंद, या तिन्ही गोष्टींनी हे भुंकणं वाढतं.

काकांची रिपोर्टची पिशवी मी आधी बाजूला ठेवायला लावली. पाठीवर झोपवून गुडघे छातीशी आणले आणि विचारलं, काका, आत्ता कंबर वाकलीय का? वाकलीय. पाय गेले का? गप्प. मग स्टुलावर बसून हात घोट्यापर्यंत, मग उभं राहून, मग रिकामं कॅरेट, मग थोडं थोडं वजन, मध्ये दोनदा दुखणं उसळलं तेव्हा मागे आलो आणि परत चढवलं. महिने लागले. माल निघाला तेव्हा भरलेली कॅरेट ते स्वतः उचलत होते. कंबर अजूनही कधीतरी दुखते, पण चपला स्वतःच्या स्वतः घालतात. ऑस्ट्रेलियात ४९२ लोकांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हीच दिशा होती, फिजिओने पेशंटला त्याच्या दुखण्याचं नीट कारण समजावायचं, ज्या हालचालीची भीती आहे तीच हळूहळू करून घ्यायची, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात सेशन्स. एक वर्षानंतरही फायदा टिकलेला होता.

मग एमआरआय करायचाच नाही का? करायचा, लक्षणं तशी असतील तर. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, मोठा मार लागणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बंद करा आणि डॉक्टरकडे जा, पहिल्या तिन्हींपैकी एक जरी असेल तर त्याच दिवशी.

बरं वाटलं की सगळं एका दिवसात उरकणं

ही माझी दुसरी दुखरी नस. दिवाळीच्या आधी दरवर्षी हमखास होतं. महिनाभर जपून राहिलेली ताई एका सकाळी उठते, कंबर हलकी वाटते, मग माळे काढते, पडदे धुते, भांडी घासते, चकलीचं पीठही त्याच दिवशी मळते, आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठता येत नाही. मग पंधरा दिवस पडून. मग परत बरं वाटतं, परत तेच. या चक्रात ताकद दर वेळी थोडी कमी होते आणि मनात बसतं की काम केलं की दुखतं.

चालण्याचंही तसंच झालंय. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियाचा अभ्यास आला, ७०१ लोक, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आणि समुपदेशन दिलं त्यांच्यातल्या निम्म्या लोकांत कामं अडवणारं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२. फार चांगली बातमी. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं काय झालं तर "चाला, कंबरदुखी कायमची घालवा", आणि लोक बूट विकत घेऊन पहिल्याच दिवशी गंगापूर रोडवर पाच किलोमीटर चालून माझ्या दारात. अहो, त्या अभ्यासात लोक हळूहळू सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास इथपर्यंत पोचवायचे होते, सोबत फिजिओ होता, आणि ते लोक तेव्हा दुखत असलेले नव्हते. घाई करणाऱ्यांनी अर्धी बातमी वाचायची आणि मग "चालून काही उपयोग नाही" असं सांगत फिरायचं, याने बाकीच्यांचंही नुकसान होतं.

माझी सवय सांगते, पुस्तकी पद्धत नाही ही. सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही जेवढं चालू शकता तेवढंच चांगल्या दिवशीही चालायचं, आठवडाभर. सात मिनिटं असतील तर सात. घड्याळ लावा आणि छान वाटत असताना थांबा, हे सगळ्यात अवघड आहे आणि हेच सगळ्यात कमी लोक ऐकतात. पुढच्या आठवड्यात एक-दोन मिनिटं वाढवा. माळा एक दिवस, पडदे दुसऱ्या दिवशी, आणि चकलीला घरातले बाकीचे हात आहेत की.

गोळीवर सगळा भार टाकणं

मी औषधं लिहून देत नाही आणि कुणाची गोळी परस्पर बंद करायला सांगणारही नाही, विशेषतः नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबॅलिन, किंवा ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामक गोळी अचानक बंद केली तर त्रास होतो. पण मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी वर्षानुवर्षं घेणारे लोक बघते तेव्हा पोटात गोळा येतो, त्यांची किडनी, पोटातला अल्सर, बीपी कोण बघणार? सायटिकासाठी, म्हणजे नस चिडून कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठी, प्रेगाबॅलिन २०१७ मध्ये २०९ लोकांवर तपासलं तेव्हा ते खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. मधुमेहाने पायांची आग होते तिथे तिचा उपयोग आहे, म्हणून कशासाठी घेताय ते डॉक्टरांना विचारा. नवीन गोळी सुझेट्रिजीन, तिची बातमी मला रोज कुणीतरी पाठवतं. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालीय, वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या नसांमधल्या एका वाटेला (सोडियम चॅनेलला) अडवते, व्यसन लावत नाही असं दिसतंय, खरंच मोठं काम आहे. पण मंजुरी ताज्या दुखण्यासाठी आहे, ऑपरेशननंतरच्या वगैरे. सायटिकामध्ये तपासली तेव्हा ती आणि खोटी गोळी जवळपास सारख्याच उतरल्या. तिची वाट बघत व्यायाम थांबवू नका.

घरच्यांनी "तुझ्या डोक्यातच आहे" म्हणणं

हे नवरे, सासवा, मुलं आणि काही डॉक्टरसुद्धा करतात, आणि फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार असलेल्या बायकांना तर फारच ऐकावं लागतं. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी अशा पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडीज उंदरांना दिल्या, तर त्या उंदरांना दाबाने आणि थंडीने जास्त दुखू लागलं, निरोगी माणसांच्या दिल्या तेव्हा तसं झालं नाही. एवढं कळल्यावर तरी तिला नाटकं करतेस म्हणू नका.

आणि याची उलटी चूकही होते. मेंदूचा यात वाटा आहे म्हटलं की पेशंट दुखावतात, उठून जातात. अमेरिकेत कोलोराडोमध्ये १५१ लोकांवर एक अभ्यास झाला, सरासरी दहा वर्षांची कंबरदुखी. आधी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीरात धोका नाही, मग चार आठवड्यांत आठ सेशन्समध्ये वेदनेकडे न घाबरता बघायला शिकवलं. शेवटी ६६ टक्के लोक जवळजवळ वेदनामुक्त झाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के. यात कुणालाही तुझं दुखणं खोटं आहे असं म्हटलेलं नाही. मात्र यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून हे जमत नाही, सौम्य ते मध्यम दुखण्याचे लोक होते ते, शिकवणारी माणसं तयार होती.

बाकीच्या पटापट. पट्टा दिवसभर लावू नका. मालिश आवडत असेल तर करा पण मणका "बसवून" घेऊ नका. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी अंग दुखतं ही तक्रार, दोन्ही एकत्र माझ्याकडे आणू नका, आधी झोप. दर महिन्याला डॉक्टर बदलू नका. सिगारेट सोडा.

आणि दुखणं उसळलं की सगळं सोडून देऊ नका, ही तर ठरलेली गोष्ट आहे, ते उसळणारच. त्या दिवशी नेहमीच्या निम्मं करा, शेक घ्या, दर तासाला घरातल्या घरात एक चक्कर मारा, दोन-तीन दिवसांनी परत जिथे होतात तिथे या. वहीत दुखणं दहापैकी किती ते लिहीत बसू नका, त्याऐवजी आज काय काय केलं ते लिहा, किती मिनिटं चालले, किती पायऱ्या चढले, नातवाला उचललं का. पुढच्या वेळी येताना ती वही आणा, एमआरआयची पिशवी घरी राहिली तरी चालेल.