भुईमुगाचा पाला जनावरांसाठी कसा वाळवावा आणि साठवावा

द्विदल पिकांचे काड सकस असते, हे सरसकट सांगितले जाते, पण ते सगळ्याच काडांना सारखे लागू पडत नाही. सोयाबीनची पाने काढणीपूर्वीच गळून गेलेली असतात, त्यामुळे मळणीनंतरच्या भुसकटात काड्या आणि टरफलेच उरतात. भुईमूग उपटतो तेव्हा वेल अजून हिरवा असतो, म्हणूनच नीट वाळवलेल्या पाल्यात प्रथिने १० टक्क्यांच्या आसपास भरतात, तर ज्वारीच्या कडब्यात ती ३ ते ४ टक्केच असतात. ही प्रथिने मुख्यतः पानांत असतात. पाने शेतातच झडली, तर घरी येतो तो निव्वळ काड्यांचा भारा. टिक्का किंवा तांबेरा या पानांवरच्या रोगांनी पाने गळालेल्या वेलाकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि फवारणी नुकतीच झालेली असेल तर तो पाला गव्हाणीत आणूच नये.

शेंगा तोडून झाल्यावर मुळांची माती झटकून टाकावी.

खरी कसोटी वाळवण्याची आहे. पान दोन दिवसांत कुरकुरीत होते, पण देठ आतून ओलाच राहतो, आणि माझी फसगत नेमकी इथेच झाली. पहिल्या वर्षी परतीच्या पावसाच्या धास्तीने मी वरवर वाळलेला पाला गोळा करून गंजी रचली आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट आवळला. आठव्या दिवशी गंजीत हात घातला तर आत चटका बसेल इतकी ऊब होती. महिन्याभराने मधला सगळा पाला काळपट पडून एकमेकांना चिकटला होता आणि उलगडताना पांढरी धूळ उडत होती. गाईने त्याला तोंड लावले नाही, आणि मी मात्र तिलाच नखरेल ठरवले.

तेव्हापासून मी पानांवर विश्वास ठेवत नाही. सर्वांत जाड देठ घेऊन नखाने खरवडावा. साल सुटून आली तर पाला ओला आहे, आणि देठ वाकवताच कट्‌कन मोडला तर तो तयार आहे. तरीही शंका असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून काही मिनिटे हलवावे. मिठाचे खडे झाले, तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजून पाला पुन्हा पसरावा.

पाला उलटायचा तो पहाटे, दवाने पाने मऊ असताना. ‘भर उन्हात उलटा, लवकर वाळेल’ हा सल्ला देणाऱ्याने उलटून झाल्यावर खाली पडलेला पानांचा चुरा एकदा झाडून मोजावा. उन्हाळी भुईमुगाला तर हे दुप्पट लागू आहे, कारण मेच्या उन्हात पान हात लागताच चुरते.

गंजी जमिनीपासून वीतभर उंच, लाकडांवर रचावी. वर छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

बुरशी आलेला पाला झटकून, पुन्हा उन्हात टाकून घालावा असे सांगणारे भेटतात, त्यांचे मुळीच ऐकू नये. बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष उन्हाने जात नाही. ते दुधात उतरते आणि दूध उकळूनही टिकते. असा पाला थेट खड्ड्यात टाकावा. भाताच्या पेंढ्यासारखी युरिया प्रक्रियाही पाल्याला करू नये, कारण द्विदल काडाला तिचा फारसा उपयोग होत नाही.

खाऊ घालताना पाल्याची कुट्टी करून ती कडब्यात मिसळावी. दुभत्या गाईला दिवसाला २ ते ३ किलो पुरतो, आणि तिथवर आठ-दहा दिवसांत हळूहळू जावे. पाल्यात कॅल्शियम भरपूर असले तरी स्फुरद कमी असते, म्हणून सोबत गव्हाचा कोंडा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.