मुलांसोबत अळी पाळताना: कोषाचे दिवस कसे सांभाळावेत

अळी पाळण्याच्या बहुतेक सूचना तिला काय खायला घालावे यावर भर देतात आणि कोष झाला की संपतात. प्रत्यक्षात खायला घालणे हे या उपक्रमातले सर्वांत सोपे काम आहे. नुकसान होते ते अळीने खाणे थांबवल्यानंतर, आणि बहुतेक वेळा ते मोठ्यांच्याच हातून होते.

सुरुवातीला लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी घ्यावी. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट, पांढऱ्या डागांची दिसते. मोठी झाली की हिरवी होते. एक किंवा दोनच अळ्या आणाव्यात. केसाळ अळीला मुलांनी हात लावू नये, कारण काहींच्या केसांनी त्वचेची आग होते. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पाने तिला द्यावीत आणि त्या झाडावर कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करून घ्यावी. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करावे, नाहीतर अळी आत उतरून बुडते. पाने रोज बदलावीत आणि विष्ठा रोज काढून टाकावी. अळीला बोटांनी ओढून काढू नये. तिच्यासमोर पान धरावे, ती स्वतःच त्यावर चढते. डिवचल्यास ती डोक्यामागून दोन फाट्यांचे शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे मुलांना एकदा दाखवणे पुरेसे आहे, पुन्हा पुन्हा नको.

झाकणाला भोके पाडलेली बरणी वापरावी, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. भोके पाडूनही आत दमटपणा साठतो, विष्ठेवर बुरशी येते आणि काचेच्या गुळगुळीत भिंतीवर कशाचीच पकड बसत नाही. चारही बाजूंनी जाळीचे कापड लावलेला, किमान वीतभर उंचीचा उभा पिंजरा किंवा खोका घ्यावा, त्यात दोन-तीन खरखरीत काटक्या तिरप्या उभ्या कराव्यात आणि तो थेट उन्हात ठेवू नये.

आता अवघड भागाकडे वळू. पूर्ण वाढलेली अळी एके दिवशी पाने सोडते, एरवीच्या कोरड्या गोळ्यांऐवजी ओली, पातळ विष्ठा टाकते आणि पिंजऱ्यात अस्वस्थपणे फिरू लागते. ती आजारी पडली असे समजून मी पहिल्या वेळी तिला ताज्या पानांवर परत ठेवत राहिलो. ती प्रत्येक वेळी उतरली, प्रत्येक वेळी मी तिला उचलले, आणि अखेर दमलेली अळी तळाशी पडूनच कोषात गेली. ती कोषासाठी जागा शोधत असते, हे त्यानंतर मला कळले. ही लक्षणे दिसताच पिंजरा बंद करावा आणि जिथे आहे तिथेच राहू द्यावा.

जागा ठरली की अळी शेपटीकडचा भाग रेशमाच्या गादीवर रोवते आणि पाठीभोवती रेशमाचा एक बारीक धागा पट्ट्यासारखा बांधून घेते. या अवस्थेत ती साधारण एक दिवस आखडून बसते आणि मग शेवटची कात टाकते. याच दिवशी मुलांना सर्वांत जास्त उत्सुकता असते आणि याच दिवशी काटकी हलवण्याचा मोह आवरावा लागतो. धागा तुटला तर अळीला कात नीट टाकता येत नाही. ताजा कोष अतिशय मऊ असतो, म्हणून पुढचे दोन दिवस त्याला कोणीही स्पर्श करू नये. कोष हिरवा होईल की तपकिरी, हे बऱ्याच अंशी आसपासच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. मुलांना आधीच अंदाज बांधायला सांगावा.

उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. थंडीत याला बराच अधिक काळ लागतो. कोष तपकिरी आहे किंवा हलत नाही म्हणून तो मेला असे ठरवू नये. कोष काळपट होऊन आतून पंखांची नक्षी दिसू लागली की फुलपाखरू लवकरच बाहेर पडते, बहुधा सकाळीच.

इथे माझे मत ठाम आहे: कोष फाटताना मदत करू नये, कितीही वेळ लागो. बाहेर आलेले फुलपाखरू पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलते आणि चुरगळलेले पंख उलगडत जातात. त्यासाठी त्याला पंख खाली सोडून लटकता आले पाहिजे. माझ्या काचेच्या बरणीत ते दोनदा घसरून पडले, पंख तसेच दुमडलेले वाळले आणि ते कधीच उडू शकले नाही. माझ्या मुलीने मला त्याचे कारण विचारले आणि मला ते खरे सांगावे लागले. तुमचा कोष सुटून तळाशी पडलाच असेल, तर तो मऊ कागदावर, चढता येईल अशा खरखरीत काटकीला टेकवून ठेवावा.

पंख उलगडताना मुलांना सोंडेकडे पाहायला सांगावे. ती सुरुवातीला दोन वेगळ्या धाग्यांसारखी असते आणि फुलपाखरू ती गुंडाळत-उलगडत एकत्र जोडते. त्यानंतर लालसर थेंब पडला तर घाबरू नये. ते रक्त नसून कोषकाळात साठलेला टाकाऊ द्रव असतो.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी लहान गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईने आपली अंडी अळीत किंवा ताज्या कोषात आधीच घातलेली असतात. मुलांपासून हे लपवू नये.

पंख कडक व्हायला दोन-तीन तास द्यावेत आणि पाऊस नसताना, दिवसाउजेडी, फुलांजवळ पिंजरा उघडावा. रिकामा कोष काटकीसकट मुलांच्या हाती द्यावा. भिंगातून पाहिल्यास त्यावर पंखांच्या आणि सोंडेच्या जागा स्पष्ट दिसतात.