पेशंट एक, काळजी दोघांची: इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल नर्स होऊ बघणाऱ्यांसाठी

बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम करून महाराष्ट्रातून इंग्लंडला आलेल्या, येऊ घातलेल्या मुलींचे मला बरेच मेसेज येतात. हल्ली मुलांचेही येतात. बहुतेकांना आयसीयू नाहीतर ओटी हवं असतं. म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड वाट्याला आला की तोंड पाडून सांगतात, "ताई, नुसतं भरवायचं आणि पॅड बदलायचं काम आहे हो." हे लिहितेय ते त्यांच्यासाठी. मी आज जे काम करते त्याची वाट याच वॉर्डातून निघते, आणि आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजात तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पदाचं नाव अ‍ॅडमिरल नर्स: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांना आधार देणारी खास नर्स. नौदलाशी काही संबंध नाही. जोसेफ लेव्ही नावाच्या गृहस्थांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा डिमेन्शिया, झाला होता. त्यांना शिडाच्या बोटींचा नाद, म्हणून जवळची माणसं त्यांना 'अ‍ॅडमिरल जो' म्हणायची. त्यांना सांभाळताना घरच्यांची जी ओढाताण झाली, त्यातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना उभी राहिली. आता डिमेन्शिया यूके ही संस्था या नर्सेसचं प्रशिक्षण आणि पाठबळ बघते. नोकरीवर ठेवणारे मात्र बहुतेक वेळा वेगळे असतात: एखादा एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्ट, हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्यांची काळजी घेणारी संस्था), कौन्सिल (स्थानिक पालिका), केअर होम चालवणारी संस्था. संस्थेची मोफत हेल्पलाइनही आहे आणि तिथे फोन उचलणाऱ्याही अ‍ॅडमिरल नर्सच असतात.

आपल्याकडे नर्सची हुशारी हातावरून ठरते. पहिल्या फटक्यात व्हेन सापडली की सिस्टर हुशार. इथे तुम्ही कोणाच्या तरी घरी तास-दीड तास बसता, बॅगेत बीपीचं मशीनही नसतं, आणि उठता तेव्हा ना ड्रेसिंग झालेलं असतं ना इंजेक्शन. सुरुवातीला वाटतं, आपण नक्की केलं काय? डिमेन्शिया ज्याला आहे तो तुमचा पेशंट आहेच, पण त्याला सांभाळणारी बायको, नवरा, मुलगी हीसुद्धा तितकीच, कधी कधी जास्तच, तुमची जबाबदारी असते. आणि ती माणसं स्वतःबद्दल काही बोलतच नाहीत. "तुम्ही कसे आहात?" या प्रश्नाला इंग्रज माणूस मरता मरताही "ठीक" म्हणेल. म्हणून मी असं विचारतच नाही. मी विचारते, "काल रात्री किती वाजता उठावं लागलं?" मग कळतं, की बायको पहाटे बाहेरचं दार उघडायला जाते, म्हणून हे गृहस्थ दाराला आरामखुर्ची लावून त्यातच झोपतात. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख येऊन गेली, कारण तिला ठेवणार कोणापाशी? हर्नियाचं कुठल्याच रेफरल लेटरमध्ये आलेलं नसतं.

सांभाळणाऱ्याशी एकट्याने बोलायची सोय आधी करा. पेशंटसमोर त्याच्याबद्दल तक्रार करायला कोणाची जीभ रेटत नाही, आणि ते बरंच आहे. मला बरेच फोन सुपरमार्केटच्या पार्किंगमधून येतात. गाडीच्या काचा वर, सामान मागे, आणि बाई अर्धा तास मनातलं बोलून घेतात. अशा फोनवर कधी तरी "काल मी त्याला ढकललं" असंही ऐकायला मिळतं. कोणत्या गोष्टी मी स्वतःपुरत्या ठेवू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवायचं असतं ते यासाठी. त्यानंतर सेफगार्डिंगची, म्हणजे पेशंटला इजेपासून जपण्याची, प्रक्रिया चालू होते, पण बहुतेक वेळा त्या बाईला शिक्षेची नाही, चार दिवसांच्या विश्रांतीची गरज असते. ती मिळवून देणं हेही तुमचंच काम.

दुसरा मोठा भाग म्हणजे वागण्यामागचं कारण शोधणं. काल बरा असलेला माणूस आज अचानक बिथरला, तर डिमेन्शिया वाढला असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. आधी डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजाराने अचानक आलेला बुद्धिभ्रम, बघायचा: दुखतंय का, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन आहे का, पोट किती दिवस साफ झालेलं नाही, पाणी पोटात जातंय का, औषध बदललंय का. बद्धकोष्ठतेने घरात रणकंदन झालेलं मी पाहिलंय. आणि एक गोष्ट आपल्याकडून येणाऱ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. रात्री पेशंट उठून गोंधळ घालायला लागला की 'सेरेनेस द्या' हे ऐकून आपले कान सरावलेले असतात. सेरेनेस म्हणजे हॅलोपेरिडॉल. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकतं. शरीर ताठरतं, शुद्ध हरपू शकते. घरच्यांनी 'तिला खोलीत लहान मुलं दिसतात' असं सांगितलं, तर ते गप्पांच्या ओघात सोडून देऊ नका, असे भास हे ल्युई बॉडीचं लक्षण असू शकतं. निदान कोणत्या प्रकाराचं झालंय ते बघा आणि हॉस्पिटलच्या नोट्समध्ये इशारा लिहिला गेलाय ना, याची खात्री करा.

घरच्यांना शिकवायच्या गोष्टी दिसायला साध्या असतात. ऐंशीच्या घरातली बाई रोज संध्याकाळी "माझी आई कुठे आहे?" विचारते. मुलगी रोज प्रामाणिकपणे सांगते, "ती कधीच गेली." आणि आई रोज नव्याने रडते. मी मुलीला म्हटलं, खोटं बोलू नकोस, पण खरं सांगायची घाईही करू नकोस. आजी स्वयंपाकात काय छान करायची ते विचार. हे सांगणं सोपं, पण दिवसभर ऑफिस करून आलेल्या मुलीला संध्याकाळी ते जमणं महाकठीण. म्हणून एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आपली माणसंही या देशात म्हातारी झालीत. एका मराठी आजींचं इंग्रजी हळूहळू गळून गेलं. एजन्सीकडून येणारी केअरर चांगली होती, पण आजी "शू, शू" म्हणायला लागल्या की ती बिचारी बूट घेऊन यायची. मग आजी चिडायच्या, कपडे ओले व्हायचे, आणि फाइलमध्ये 'आक्रमक वर्तन' अशी नोंद व्हायची. आम्ही फ्रिजवर एक कागद लावला: शू, पाणी, दुखतंय, थंडी, नको. समोर इंग्रजीत अर्थ. केअरर ते आठवड्यात शिकली. त्या फाइलमधली ती नोंद बदलून घेताना मात्र माझी दमछाक झाली.

कायदा आणि पैसा यांचा अभ्यास टाळता येत नाही. आपल्याकडे मोठ्या मुलाला विचारलं की निर्णय झाला. इथे २००५चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट सांगतो, की निर्णयक्षमता नाही असं सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरायचं, आणि तीही प्रत्येक निर्णयापुरती वेगळी बघायची. सकाळी कोणता स्वेटर घालायचा हे ठरवू शकणारी बाई घर विकण्याचा निर्णय घेऊ शकेलच असं नाही. लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे पुढे आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार कोणाला तरी लिहून देणं, ही दोन प्रकारची असते, एक पैशाअडक्यासाठी आणि एक तब्येतीसाठी. माणसाला समज आहे तोवरच ती करता येते. उशीर झाला की कोर्ट ऑफ प्रोटेक्शन, म्हणजे निर्णयक्षमता नसलेल्यांचे प्रश्न बघणारं कोर्ट, त्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. निदान झालं की गाडी चालवणाऱ्याने डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवणं सक्तीचं आहे, आणि खरं सांगते, किल्ल्या काढून घेण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरून होत नाहीत. निवृत्तीचं वय झालेल्यांना अटेंडन्स अलाउन्स (काळजीची गरज असलेल्यांसाठीचा सरकारी भत्ता) मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. २०१४च्या केअर अ‍ॅक्टनुसार सांभाळणाऱ्याला स्वतःच्या गरजांचं वेगळं असेसमेंट मागता येतं. कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं.

आता येण्याच्या वाटेबद्दल, थोडक्यात. एनएमसीचं, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन आधी. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७, लेखनात किमान ६.५ आणि बाकी तिन्हींत ७. किंवा ओईटी या आरोग्यक्षेत्रासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत बी, लेखनात सी प्लस. मग सीबीटी (संगणकावरची परीक्षा), ती भारतातूनच देता येते, आणि इथे आल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). आपले बहुतेक जण अ‍ॅडल्ट नर्स म्हणूनच रजिस्टर होतात. अ‍ॅडमिरल नर्स होण्यासाठी मेंटल हेल्थचंच रजिस्ट्रेशन हवं असं नाही, डिमेन्शियातला अनुभव मात्र भक्कम हवा. जागा साधारण बँड ६ किंवा ७च्या असतात (बँड म्हणजे एनएचएसच्या पगाराची श्रेणी, नवी नर्स ५वर लागते), म्हणजे बँड ५वर आल्या आल्या मिळणार नाहीत. मधली वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, मेमरी क्लिनिकमध्ये किंवा चांगल्या केअर होममध्ये काढा, वॉर्डात डिमेन्शियाची लिंक नर्स, म्हणजे त्या विषयाची वॉर्डातली जबाबदार नर्स, व्हायला हात वर करा.

एजंटांपासून सांभाळून. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. केअर वर्करच्या व्हिसावर परदेशातून नवी भरती जुलै २०२५पासून बंद झालीय, तरी 'आधी केअरर म्हणून जा, मग नर्स व्हा' असं सांगून लाखो रुपये उकळणारे अजून गावोगाव आहेत. नर्सेसचा मार्ग खुला आहे, पण भरती पूर्वीसारखी धो धो नाही.

परत जाणार असाल तर काय? लासी-डॅड या भारतातल्या वयस्कांच्या डिमेन्शियावरच्या अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. त्यांना सांभाळतं कोण? सून, नाहीतर ब्युरोकडून आलेली मावशी. त्या दोघींशी बसून बोलणारी नर्स मला पुण्या-मुंबईत क्वचित दिसते. पद नसेल, पण एखाद्या डे केअरमध्ये किंवा न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीत हे काम सुरू करता येईल असं मला वाटतं.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कम्युनिटीतल्या बहुतेक जागांना गाडी चालवता येणं लागतं. भारतीय लायसन्स इथे राहायला लागल्यापासून फक्त १२ महिने चालतं, त्यामुळे वॉर्डात असतानाच टेस्टची तारीख घेऊन टाका, वेटिंग मोठं असतं. आणि मुलाखतीत पेशंटबद्दल विचारलं, तरी उत्तरात त्याच्या घरचं माणूस आलं पाहिजे: ते काय म्हणालं, तुम्ही काय ऐकलंत, पुढे कोणाला फोन केलात. औषधांची यादी सगळेच सांगतात.