पोरगा पाणबुडीत जातो तेव्हा

"आई, मी पाणबुडीवर जायला नाव दिलंय." थोरल्याचा हा फोन लोणावळ्याहून आला तेव्हा मी आमच्या पिठाच्या गिरणीत होते. पट्ट्याच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं, आणि ते अर्धंही पुरेसं होतं. आमच्या कोरेगाव तालुक्यात फौजी घरोघरी आहेत. पोस्टिंग, रजा, कॅन्टीन, पेन्शन, काहीही विचारा, सांगायला चार जण पुढे येतात. पाणबुडीतला मात्र आजूबाजूच्या गावांत एकही नव्हता. म्हणून आज ज्यांची मुलं नौदलाच्या प्रशिक्षणाला चिल्का, लोणावळा किंवा जामनगरला आहेत आणि उद्या असाच फोन करतील, त्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

पाणबुडीत कोणाला ढकलत नाहीत. मुलगा आपणहून नाव देतो, वैद्यकीय तपासणीत बसला तर विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनमध्ये कोर्सला जातो. हे समजायच्या आधीच आमच्या घरात दोन तट पडले होते. सासूबाई म्हणत, नाव मागे घ्यायला लाव. ह्यांचा ऊर भरून आला होता, कारण मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'खांदेरी' २०१९ मध्ये नौदलात आली होती. महाराजांच्या जलदुर्गाचं नाव, आणि आपला पोरगा अशा पाणबुडीवर! मी दोघांनाही थांबवलं. रात्री फोन करून त्याला एवढंच विचारलं, "तुला स्वतःला जायचंय ना?" तो हो म्हणाला. मग सांगितलं, "नाही झेपलं तर जहाजावर परत जा. घरात कोणी तोंड वाकडं करणार नाही." पुढे तो म्हणाला, कोर्समध्ये या वाक्याचा त्याला फार आधार झाला. घरच्यांच्या हट्टापायी आलेली मुलं तिथे लवकर थकतात, असं त्याचं म्हणणं आहे.

आपला मुलगा काय शिकतोय हे थोडं तरी समजून घ्या. मला त्याने गिरणीवरूनच समजावलं. आमच्याकडे पूर्वी डिझेल इंजिन होतं. "दार-खिडक्या लावून ते चालवलं असतं का आपण? इंजिनाला हवा लागते आणि धूर बाहेर जायला लागतो. पाण्याखाली दोन्ही नाही. म्हणून खाली असताना बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी उतरली की वर यायचं, नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिन सुरू करून बॅटरी भरायची." 'खांदेरी'सारखी कलवरी वर्गातली पाणबुडी साधारण ६७ मीटर लांब असते आणि त्यात चाळीसेक माणसं राहतात. हे कळल्यावर मला तो कुठे झोपत असेल, कुठे जेवत असेल, ते डोळ्यांसमोर आणता यायला लागलं. आणता येत नव्हतं तोवर भीती जास्त होती.

सातवाहनमध्ये पाणबुडीतून जीव वाचवून बाहेर कसं पडायचं, हेही शिकवतात. सप्टेंबर २०२४ पासून तिथे 'विनेत्र' नावाची नवी सोय झाली आहे, पाच मीटरचा मनोरा आणि त्याला जोडून डुबकीचा हौद. दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट होतो. कानातला दाब सारखा करत खाली जायचं आणि वर येताना श्वास कोंडून धरायचा नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत करून घेतात. इथे घरच्यांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि कानाला इजा होऊ शकते. सराव चुकेल म्हणून मुलं सर्दी लपवतात. आमच्याने फोनवर नाक ओढलेलं मला ऐकू आलं, तेव्हा काढा सुचवण्याऐवजी मी म्हटलं, "आधी डॉक्टरला सांग. चार दिवस मागे राहिलास तरी चालेल." तो मागे राहिला, आणि नंतर सराव पूर्ण केला.

एप्रिल २०२१ मध्ये तो कोर्सला होता. करोनाची दुसरी लाट होती, सगळे घरात, टीव्ही दिवसभर चालू. इंडोनेशियाची 'नांग्गाला' ही पाणबुडी बालीजवळ बेपत्ता झाली, आत ५३ माणसं. ७२ तासांचा प्राणवायू आहे, असं बातम्यांत सारखं सांगत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळात तास मोजत होते. आपल्या नौदलाने विशाखापट्टणमहून बचावाचं खोल पाण्यातलं यान तिकडे पाठवलं. त्या रात्री त्याचा फोन आला. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, परत ये म्हणायचं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपलं यान निघालंय, आई." पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "आज भात होता." ५३ पैकी कोणी वाचलं नाही. त्याने नाव मागे घेतलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. पोराच्या डोक्यावर आधीच पुरेसं ओझं असतं, त्यात आपली भीती त्याला वाहायला लावू नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

कोर्स झाला म्हणजे संपलं असं नाही. प्रत्यक्ष बोटीवर (पाणबुडीला तिथले सगळे बोटच म्हणतात) जाऊन प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो, कोणता व्हॉल्व्ह कशाचा, अंधारातही हात कसा पोचेल, हे सगळं शिकून तोंडी परीक्षा द्यायची. तिला 'बोर्ड' म्हणतात. ती पास झाली की छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. या काळात मुलं चिडचिडी होतात, फोन दोन मिनिटांत ठेवतात. आमचा पहिल्या बोर्डात अडकला. ह्यांनी विचारलं, "किती मार्कांनी गेला?" पुढचे पंधरा दिवस त्याने फोन केला नाही. बोर्डाबद्दल तो आपण होऊन बोलेल तेव्हाच बोला.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. बोट कधी निघणार याचा त्याने नुसता अंदाज दिला होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी तो वार सांगितला आणि संध्याकाळपर्यंत भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सोमवारी निघणार, शुभेच्छा" असं आलं. त्याने मला एवढ्या कडक आवाजात कधीच सुनावलं नव्हतं. "आई, माझ्याबरोबर बाकीचीही माणसं असतात." मी प्रत्येकीला फोन करून ते पुसायला लावलं. म्हणूनच तो कोणत्या बोटीवर आहे ते मी इथेही लिहीत नाही. निघण्याची, परतण्याची तारीख, बंदर, वर्दीतला फोटो, यातलं काही घराबाहेर जाऊ देऊ नका. कौतुकाने विचारणाऱ्याला "ड्युटीवर आहे" एवढं उत्तर पुरतं.

समुद्रात असताना फोन नसतो, आणि तो किती दिवस नसेल हेही सांगत नाहीत. म्हणून निघण्याआधी एक अवघड बोलणं करून ठेवा. घरात काही वाईट झालं तर ते कसं कळवायचं? आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "परत आल्यावर पप्पांनी सांगावं, एकट्यांनी." सासूबाई गेल्या तेव्हा तो बोटीवर होता. एकोणीस दिवसांनी त्याचा फोन आला. ठरल्याप्रमाणे हे गिरणी बंद करून आत जाऊन बोलले. मी बाहेर पायरीवर बसून होते.

जमलं तर विशाखापट्टणमला एकदा जाऊन या, पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेस थेट आहे. तिथे रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ही जुनी रशियन बनावटीची पाणबुडी २००२ पासून वाळूवर ठेवली आहे, आतून बघता येते. गोल दारातून हे वाकून जाताना अडकले, तेव्हा हसायला आलं आणि लगेच डोळेही भरले. आत एका बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, मी हात टेकवला, तर वरच्या बंकची फळी वीतभरावरच होती.

तो पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याच्या कपड्यांना आमच्या जुन्या इंजिनाचा वास होता. गरम पाण्यात तीनदा भिजवले तरी पुरता गेला नाही. पाहुणे बोलावून ठेवले होते, ते मी परतवले. पहिले दोन दिवस कोणालाही बोलावू नका. आमचा गादी घेऊन गच्चीवर गेला, हातपाय पसरून उताणा पडला आणि दुसऱ्या दिवशी ऊन तोंडावर येईपर्यंत तिथेच झोपला.