डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले, त्रास मात्र तसाच आहे: दुसरं मत कसं घ्यावं

‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं ऐकून घरी आलात आणि औषधाचा कोर्स संपला तरी त्रास हटत नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पहिल्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. २०२१ मध्ये राज्याचे शुश्रूषागृह नियम बदलले, तेव्हापासून खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. मात्र छातीत दाबल्यासारखं दुखणं, अचानक लागलेली धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यात मतं घेत बसायचं नाही. १०८ ला फोन करा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.

आधी कागद. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एमआरआय, सीटी स्कॅनचा नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडीही घ्या. ॲडमिट झाला असाल तर इनडोअर केस पेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली असेल तर तो तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या. कॅन्सरसाठी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्यांच्याच खारघरच्या केंद्रात गेलात तर त्या लागतातच.

डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयातले आणि पहिल्यांनी न सुचवलेले बघा. पैशाची ओढाताण असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठा. रांगेत सकाळ जाते, पण ही शिकवणारी रुग्णालयं आहेत. तिथले निवासी डॉक्टर हकीकत पहिल्यापासून विचारतात, आणि दुर्लक्ष झालेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

खरी अडचण पुढे आहे. ती केबिनमधल्या पहिल्या दोन मिनिटांत येते.

खुर्चीत बसल्या बसल्या फाइल पुढे सरकवलीत की काम बिघडलं. डॉक्टर शेवटची चिठ्ठी उघडतात, तिथे ‘ॲसिडिटी’ नाहीतर ‘एन्झायटी’ लिहिलेलं असतं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच वाटेने जातात. बाहेर पडताना हातात तेच औषध, फक्त कंपनी दुसरी. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच चाललं होतं. स्टेशनचा पूल चढताना तिला मध्ये थांबावं लागायचं. पाळी जायचं वय आहे, होतंच, एवढंच जो तो सांगायचा, कारण आधीच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असायचं. फाइल पिशवीतच ठेवून तिने पुलापासून सुरुवात केली, तेव्हा ‘पाळीत रक्तस्राव किती होतो?’ हा प्रश्न पहिल्यांदा आला. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन फार कमी निघालं.

म्हणजे जुने कागद लपवायचे असं नाही. ‘काही दाखवू नका, बघू याला कळतं का’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. झालेला सीटी स्कॅन विनाकारण पुन्हा होतो, चालू गोळ्यांशी न जुळणारी गोळी लिहिली जाते. आधी त्रास सांगा, मग फाइल द्या. क्रम तेवढा सांभाळा.

त्यासाठी घरूनच एक पान लिहून न्या. त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, पूर्वी जमणारं कोणतं काम आता जमत नाही, कोणत्या औषधाने फरक पडला आणि कोणत्याने नाही. चालू औषधांत काढे आणि होमिओपॅथीच्या गोळ्याही लिहा. ‘अशक्तपणा वाटतो’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. ‘दिवाळीपर्यंत तीन मजले सहज चढत होते, आता पहिल्यावर बसावं लागतं’ याने कळतं. इंटरनेटवर सापडलेलं रोगाचं नाव त्या पानावर नको. आणि बाई पेशंट असेल तर तिलाच बोलू द्या. सोबत आलेल्या नवऱ्याने किंवा मुलाने उत्तरं द्यायची नाहीत.

‘आधीचे डॉक्टर चुकले का?’ हे विचारूच नका. समोरचे डॉक्टर सावध होतात आणि बोलणं तुमच्या दुखण्यावरून त्या डॉक्टरांवर घसरतं. विचारायचं ते असं: आणखी काय असू शकतं? ते नाही हे कशावरून? किती दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं? तपासणीची गरज नाही असं म्हणाले तर ‘डॉक्टर, तेवढं केस पेपरवर लिहून द्याल का?’ असं नम्रपणे म्हणा. लिहायची वेळ आली की बरेच डॉक्टर पुन्हा एकदा विचार करतात.

दोन्ही मतं जुळली आणि कारण नीट समजावलं, तर उपचार सुरू करा. जुळली नाहीत आणि प्रश्न ऑपरेशनचा असेल, तर तिसरं मत घ्या. तोवर बीपी, फिट, रक्त पातळ करण्याच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.